प्रार्थनेतील ‘तू’ : मराठी ख्रिस्ती साहित्यातील साधी श्रद्धा आणि दिलासा
(उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर परिसराच्या संदर्भात)

१. प्रास्ताविक

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार वाङ्मयेतिहासात प्रामुख्याने दोन अंगांनी झालेला दिसतो. मिशनऱ्यांनी व्याकरण, कोशरचना, मुद्रण आणि नियतकालिके या क्षेत्रांत केलेले कार्य हे पहिले अंग होय. धर्मांतराच्या निमित्ताने एकोणिसाव्या शतकात झालेला वादविवाद हे दुसरे. ही दोन्ही अंगे महत्त्वाची आहेत यात शंका नाही. परंतु ज्या सामान्य माणसांसाठी हे साहित्य निर्माण झाले, ती माणसे त्याच्याकडे ना व्याकरणासाठी वळली, ना खंडनमंडनासाठी. ती वळली सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी. घरातील आजार, अपमृत्यू, दुष्काळ, कर्ज, नोकरीसाठी करावे लागलेले स्थलांतर या प्रसंगांत मनाला आधार देणारे चार शब्द त्यांना हवे होते. हे शब्द मराठीत कसे घडले आणि त्यांतून मिळणाऱ्या दिलाशाचे भाषिक स्वरूप कोणते, हा प्रश्न मात्र बहुधा वाङ्मयचर्चेबाहेरच राहिला.

प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. प्रार्थनेतील दिलासा हा केवळ तिच्यातील आश्वासनांतून येत नाही. ती कोणत्या भाषेत केली जाते, ईश्वराला कोणत्या सर्वनामाने हाक मारली जाते आणि बोलणारा स्वतःला एकवचनी समजतो की अनेकवचनी, यांवरही तो अवलंबून असतो, असे येथे प्रतिपादन केले आहे. फादर थॉमस स्टीफन्स, नारायण वामन टिळक, पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या लेखनातून ही भाषा क्रमाक्रमाने कशी घरगुती होत गेली, हे त्यासाठी पाहावे लागेल.

२. परिसर आणि प्रश्न

हा प्रश्न कल्याणच्या आग्नेयेस रेल्वेमार्गालगत वसलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन गावांच्या संदर्भात मांडण्यास कारण आहे. अंबरनाथला वालधुनी नदीकाठी शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० मधील शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. त्या अर्थाने हा परिसर प्राचीन आहे. परंतु त्याचे आजचे रूप विसाव्या शतकातील स्थलांतराने घडविले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आश्रय देण्यात आला. त्यांची संख्या लाखाच्या घरात होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. अंबरनाथला काडेपेट्यांचा कारखाना आणि संरक्षण खात्याचे कारखाने होते. पुढे अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात औद्योगिक वसाहती वाढल्या आणि मुंबईत घर न परवडणारा नोकरदार वर्ग येथे येऊन राहिला.

अशा वस्तीत दैनंदिन प्रार्थनेला विशेष स्थान प्राप्त होते. घर, शेत, नातेवाईक आणि ओळखीचे देऊळ मागे राहिलेल्या माणसाबरोबर तोंडपाठ असलेली प्रार्थना मात्र येते. उल्हासनगरच्या सिंधी समाजाचा चाळीस दिवसांचा ‘चालिहा’ उपवास आणि झूलेलालाची उपासना ही याची ठळक उदाहरणे होत. ख्रिस्ती समाजाची स्थितीही याहून फारशी वेगळी नाही. मुंबई परिसरातील ख्रिस्ती वस्ती मुळातच अनेकभाषी आहे. ईस्ट इंडियन समाजाची मराठी बोली, गोव्याकडून आलेल्यांची कोंकणी, केरळीयांची मल्याळम, तमिळ, इंग्रजी आणि अहमदनगर, जालना, नाशिक या भागांशी नाते सांगणाऱ्या कुटुंबांची देशी मराठी अशा अनेक भाषांत ती प्रार्थना करते. महाराष्ट्रातील सीरो-मलबार पंथीयांसाठी १९८८ साली कल्याण हे धर्मप्रांताचे केंद्र झाले, ही घटना या भाषिक विविधतेची साक्ष देते.

या गर्दीत मराठीतून प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती माणसापुढे एक पेच असतो. मुलांची शाळा बहुधा इंग्रजी, कारखान्यातील वा गाडीतील व्यवहार हिंदी, शेजार सिंधी वा मल्याळी. मग देवाशी कोणत्या भाषेत बोलावयाचे? हा पेच वरवर पाहता सामाजिक वाटला तरी त्याच्या मुळाशी वाङ्मयीन प्रश्न आहे. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेने आपल्या भाषेत असे काय साठविले आहे, की जे भाषा बदलल्यास हरवेल? त्याचे उत्तर या साहित्याच्या इतिहासातच शोधावे लागते.

३. प्रभूची प्रार्थना आणि मराठी सर्वनामे

सर्व ख्रिस्ती पंथांना समान असलेली प्रार्थना म्हणजे येशूने शिष्यांना शिकविलेली ‘प्रभूची प्रार्थना’. ती मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या आणि लूकच्या शुभवर्तमानात अकराव्या अध्यायात येते. अत्यंत लहान असलेल्या या प्रार्थनेची रचना तीन दृष्टींनी लक्षणीय आहे.

पहिली गोष्ट संबोधनाची. या प्रार्थनेत ईश्वराला पिता म्हटले आहे. मराठी भाषांतरकारांपुढे ‘बाप’ आणि ‘पिता’ असे दोन शब्द होते. ‘बाप’ हा घरातला, रांगडा शब्द. ‘पिता’ हा ग्रंथातला, आदराचा शब्द. परंतु याहूनही महत्त्वाची निवड सर्वनामाची होती. अनेक जुन्या मराठी घरांतून आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणण्याचा प्रघात होता. अनेक घरांतून तो आजही आहे. वडिलांपुढे मूल जपून बोलते, आईपाशी हट्ट करते. मराठी प्रार्थनेत मात्र पित्याला ‘तू’ म्हटले जाते. पित्याचे नाव घेऊन त्याला आईचे सर्वनाम देणारी ही योजना भाषांतरकारांना मराठी भक्तिपरंपरेतून आयती मिळाली. विठ्ठलाला ‘विठाई’ आणि ‘माउली’ म्हणून हाक मारणाऱ्या संतांनी ईश्वराशी एकेरीत बोलण्याची, प्रसंगी त्याच्याशी भांडण्याची वाट आधीच मळवून ठेवली होती. इंग्रजी प्रार्थनेतील जुने एकेरी सर्वनाम व्यवहारातून लुप्त झाल्यावर केवळ गंभीर व पुरातन वाटू लागले. मराठीतील ‘तू’ मात्र रोजच्या स्वयंपाकघरातला जिवंत शब्द राहिला. त्यामुळे मराठीत प्रार्थना करणाऱ्यास जी जवळीक वाटते, ती काही अंशी व्याकरणानेच सिद्ध केलेली असते.

दुसरी गोष्ट मागण्याची. या प्रार्थनेत अन्नाची मागणी केवळ आजच्यापुरती आहे. मूळ ग्रीकमधील ‘एपिऊसिओस’ हे विशेषण या प्रार्थनेच्या दोन पाठांखेरीज बायबलमध्ये अन्यत्र येत नाही आणि त्याच्या अर्थाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मराठी परंपरेने ‘रोजची’ असा सरळ अर्थ स्वीकारला आणि मूळच्या गव्हाच्या रोटीसाठी ‘भाकर’ हा शब्द योजला. हा बदल लहान नाही. पॅलेस्टाइनमधील रोटी या एका शब्दाने ज्वारी-बाजरीच्या चुलीपाशी येऊन बसली. दुष्काळात होरपळलेल्या नगर जिल्ह्यातील कुटुंबांना हा शब्द उपमेसारखा वाटला नसेल. तो त्यांच्या भुकेचाच शब्द होता. शिवाय ‘आजच्यापुरती’ ही मर्यादा दिलाशाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. सगळ्या आयुष्याची चिंता एकदम वाहण्याऐवजी एका दिवसाची चिंता मांडावयाची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यावयाचे, अशी ही योजना आहे. नित्यता हा या प्रार्थनेचा बाह्य नियम नसून तिच्या आशयातच तो अंतर्भूत आहे.

तिसरी गोष्ट वचनाची. ही प्रार्थना एकट्याने म्हटली तरी तिच्यात ‘मी’ येत नाही. भाकर, क्षमा आणि संरक्षण या सर्व गोष्टी ‘आम्हां’साठी मागावयाच्या असतात. रात्रपाळीहून परतलेला कामगार किंवा गावाकडून आलेली आणि दिवसभर एका खोलीत एकटी राहणारी वृद्धा ही प्रार्थना म्हणते, तेव्हा व्याकरण तिला एकटी राहू देत नाही. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा सूक्ष्म भेद आहे. ज्याच्याशी बोलावयाचे त्याला वगळून ‘आम्ही’ म्हटले जाते, त्याला सामावून घेऊन ‘आपण’. प्रार्थनेतील ‘आम्ही’ हा सर्व माणसांना एका बाजूस उभा करतो आणि समोर ‘तू’ ठेवतो. साध्या श्रद्धेचा दिलासा या तीन गोष्टींत साठविलेला आहे : पित्याला ‘तू’, आजचीच भाकर आणि एकट्याचे ‘आम्ही’.

४. स्टीफन्स : श्रोत्यांची मागणी

मराठीत ख्रिस्ती उपासनेची भाषा घडविण्याचा पहिला मोठा प्रयत्न फादर थॉमस स्टीफन्स यांचा. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइट धर्मोपदेशकाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे ‘पैले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’ असे दोन भाग आहेत. ग्रंथाच्या आरंभीची योजना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना धर्माची मूलतत्त्वे शिकविली जात होती. परंतु पूर्वी पुराणश्रवणात जो वेळ सुखाने जात असे त्याची उणीव त्यांना भासत होती. त्यांच्यातील एक ब्राह्मण श्रोता ही उणीव बोलून दाखवितो आणि त्या मागणीतून पुराणकथन सुरू होते. म्हणजे ज्ञानाची शिकवण पुरेशी नाही, मनाला रमविणारे व आधार देणारे काही हवे, ही जाणीव या परंपरेच्या उगमापाशीच व्यक्त झाली आहे. पंडिती मराठी सर्वांना कळणार नाही म्हणून सोपे, बोलीतले शब्द मिसळण्याचे धोरणही स्टीफन्स यांनी जाणीवपूर्वक स्वीकारले.

या ग्रंथाचा पुढील इतिहास स्थलांतर आणि प्रार्थना यांच्या संबंधावर विशेष प्रकाश टाकतो. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. परंतु सतराव्या शतकातील या तीनही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. १६८४ साली गोव्यातील पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेचा वापर सोडून पोर्तुगीज स्वीकारण्याचा आदेश काढला. तरीही ‘ख्रिस्तपुराण’ टिकले, कारण गोवा सोडून दक्षिणेस कानडा किनाऱ्यावर गेलेल्या कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती जतन केल्या होत्या. १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी मंगळूर येथून जी आवृत्ती प्रसिद्ध केली तिचा आधार ही हस्तलिखितेच होत. पुढे १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी हा ग्रंथ देवनागरीत आणला. छापखाना आणि राजसत्ता यांनी जे राखले नाही ते स्थलांतरितांच्या घरातील वाचनाने राखले, ही गोष्ट ग्रंथेतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे.

५. वादाच्या गद्याकडून अभंगाकडे

एकोणिसाव्या शतकात या परंपरेचा जणू नव्याने आरंभ झाला. १८१३ साली मुंबईत अमेरिकन मिशनरी आले. १८४२ साली अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. या काळातील ख्रिस्ती गद्य प्रामुख्याने तर्कशील आणि वादप्रवण आहे. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही कादंबरी विधवांच्या दुःखाला वाचा फोडते. तथापि तिचा कल प्रतिपादनाकडे आहे. उपासनेसाठी जी गीते वापरली जात त्यांतील पुष्कळशी इंग्रजी गीतांची भाषांतरे असून मूळ चालींत मराठी शब्द बसविताना त्यांची ओढाताण होत असे. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाचा देशी प्रकार ख्रिस्ती आशयासाठी वापरला, तेव्हा ग्रामीण श्रोत्यांना तो लगेच आपला वाटला. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यापर्यंत श्रद्धा पोहोचण्याचा तोच मार्ग होता. महार व मांग समाजांतून ख्रिस्ती झालेल्या अनेक कुटुंबांची धर्माशी पहिली ओळख पुस्तकातून न होता गाण्यातून झाली.

या देशी प्रवाहाला काव्याची प्रतिष्ठा मिळवून दिली ती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी. त्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. बालपणीच्या शिक्षणाचा काही काळ मात्र कल्याणला गेला. पुढे नाशिकला त्यांनी संस्कृत काव्याचे अध्ययन केले. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला ‘नवा करार’ वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो अशी त्यांची धारणा होती. हा केवळ जीवनचरित्रातील तपशील नव्हे. ‘अभंगांजली’तील त्यांच्या रचनांत ख्रिस्त ‘माउली’ होतो, ‘गुरू’ होतो. भक्त लेकरू होतो. मागील विभागात ज्या सर्वनामाचा विचार केला त्याचे हे पूर्णरूप होय. प्रार्थनेच्या व्याकरणात पित्याला मिळालेला आईचा ‘तू’ टिळकांच्या अभंगांत उघडपणे आईचे नाव धारण करतो.

टिळकांची श्रद्धा सोपी होती असे म्हणता येणार नाही. तिच्यामागे दीर्घ शोध, कुटुंबाची ताटातूट आणि मिशनच्या पाश्चात्त्य वळणाविषयीची अस्वस्थता होती. १९१७ साली मिशनच्या वेतनाचा त्याग करून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ ही कल्पना प्रत्यक्षात आणण्याचा प्रयत्न केला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. परंतु त्यांच्या उपासनागीतांची भाषा साधी आहे आणि हे साधेपण कमावलेले आहे. ‘उपासनासंगीत’ या गीतसंग्रहाच्या द्वारे त्यांची गीते मराठी मंडळ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या गायिली गेली. कवीचे नाव ठाऊक नसलेल्या माणसाच्या ओठी त्याची रचना असणे, हे संतकवितेला लाभलेले भाग्य आधुनिक मराठी कवींपैकी फार थोड्यांच्या वाट्याला आले आहे.

६. रमाबाई : अल्पशिक्षित स्त्रीसाठी बायबल

या घरगुतीकरणाची दुसरी दिशा पंडिता रमाबाईंनी दाखविली. संस्कृत विद्वत्तेसाठी ‘पंडिता’ ही पदवी मिळालेल्या या स्त्रीने आयुष्याची अखेरची वर्षे केडगावच्या मुक्तिसदनात बायबलच्या भाषांतराला वाहिली. त्यासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर मराठी खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला परकी वाटते, आणि जुन्या उपासनेतील संकेत वाहून आणणारे शब्द तिला नव्या अर्थापर्यंत पोहोचू देत नाहीत, असे त्यांचे मत होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले.

टिळक आणि रमाबाई यांच्या भूमिकांत येथे एक महत्त्वाचा विरोध दिसतो. टिळकांना भक्तिपरंपरेचे शब्द हा पूल वाटला. रमाबाईंना त्यांतील काही शब्द अडसर वाटले. तथापि दोघांचा हेतू एकच होता. श्रद्धेचा शब्द मध्यस्थावाचून सामान्य माणसाच्या तोंडी यावा, हा तो हेतू होय. मुक्तिसदनात दुष्काळातून आणि वैधव्याच्या यातनांतून आलेल्या शेकडो स्त्रिया व मुली होत्या. १९०५ साली तेथे झालेल्या धार्मिक जागृतीत या स्त्रियांनी स्वतःच्या शब्दांत मोठ्याने प्रार्थना केल्या. ज्यांना घरातही बोलण्याची मुभा नव्हती अशा स्त्रियांच्या दृष्टीने ईश्वराशी स्वतःच्या शब्दांत बोलता येणे, हा दिलाशाइतकाच सामर्थ्याचाही अनुभव होता.

७. लक्ष्मीबाई : श्रद्धेचे गद्य

या सर्व प्रक्रियेची सर्वांत परिणत अभिव्यक्ती लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आढळते. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ विद्यापीठीय अभ्यासक्रमांतून प्रामुख्याने स्त्रीचे आत्मकथन आणि निर्मळ विनोद या दोन दृष्टींनी वाचला जातो. त्यातील श्रद्धेचा धागा मात्र बहुधा पार्श्वभूमी म्हणून बाजूस ठेवला जातो. वस्तुतः त्या धाग्यावाचून या ग्रंथातील विनोदाचेही नीट आकलन होत नाही.

लक्ष्मीबाईंचे माहेर कडक सोवळ्याचे. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके टोकाचे की बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. अशा वातावरणात वाढलेल्या स्त्रीला पतीचे धर्मांतर हा जगबुडीसारखा आघात होता. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. त्यांतील काही काळ पंढरपुरात गेला. पुढे त्या अहमदनगरला आल्या, तरी प्रथम आपले सोवळे आणि चूल त्यांनी वेगळीच ठेवली. त्यांच्या मनाचे परिवर्तन धर्मशास्त्रीय चर्चेतून झाले नाही. जातिभेद ईश्वराने निर्माण केलेला नसून माणसाने निर्माण केला आहे, हा विचार त्यांना एकदा पटला आणि त्यांनी प्रथम कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे श्रद्धेचा पहिला आविष्कार प्रार्थनाघरात न होता पाण्याच्या भांड्यापाशी झाला. ‘भाकर’ या शब्दाविषयी जे वर म्हटले त्याचा हा जिवंत प्रत्यय आहे.

‘स्मृतिचित्रे’त दीर्घ प्रार्थना किंवा श्रद्धेची व्याख्याने आढळत नाहीत. लक्ष्मीबाई ईश्वराविषयी बोलतात त्या घरातील वडीलधाऱ्या माणसाविषयी बोलावे तशा. हाती आलेले पैसे टिळक गरजूंना देऊन मोकळे होतात, घरात धान्य नसते, त्यात आणखी एखादे अनाथ मूल आश्रयाला येते. या प्रसंगांचे वर्णन त्या हसत करतात. हे हसू दुःखाची जाणीव नसल्यामुळे येत नाही. आजच्या दिवसाचा भार आज वाहावयाचा आणि उद्याचा उद्यावर सोपवावयाचा, ही रोजच्या प्रार्थनेने लावलेली मनाची शिस्त त्यामागे आहे. दुःखाची नोंद करावयाची, पण त्याचा साठा करावयाचा नाही, अशी ही वृत्ती. मराठी गद्यात साध्या श्रद्धेचा इतका अकृत्रिम ठसा क्वचितच उमटलेला आहे. शालेय शिक्षण न लाभलेली, पतीकडून अक्षरे शिकलेली स्त्री हे लिहिते, यामुळे त्या भाषेला पुस्तकी वळण लागले नाही.

टिळकांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंना आर्थिक ओढगस्तीला तोंड द्यावे लागले. मुंबईत राहून भागेना तेव्हा पुत्र देवदत्त यांच्या कुटुंबासह त्या कराचीला गेल्या. पुढे नाशिकला परतल्या. टिळकांनी आरंभ केलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपूर्ण राहिले होते. त्यात चौसष्ट अध्यायांची भर घालण्याचे काम लक्ष्मीबाईंनी उतारवयात केले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९३८ साली ‘ख्रिस्तायन’ प्रसिद्ध झाले. या रचनेचे काव्य म्हणून मूल्यमापन करताना समीक्षकांत मतभेद होऊ शकतील. परंतु दिवंगत पतीच्या अर्ध्या राहिलेल्या ओव्यांना रोज काही ओव्या जोडीत जाणे, ही नित्यप्रार्थनेच्या जवळची क्रिया आहे. शोक आवरण्याची ही रीत जात्यावर ओव्या गाणाऱ्या मराठी स्त्रीला अनोळखी नाही.

८. मर्यादा

साध्या श्रद्धेच्या साहित्याविषयी दोन आक्षेप घेतले जातात आणि त्यांची दखल घेणे आवश्यक आहे. पहिला आक्षेप बोधवादाचा. मराठी ख्रिस्ती कवितेचा बराचसा भाग उपदेशपर असून त्यात व्यक्तिगत अनुभवाची तीव्रता कमी आहे, असे म्हटले जाते. हा आक्षेप पुष्कळ अंशी खरा आहे. मात्र उपासनागीताचे मूल्यमापन भावगीताच्या निकषांवर करणे योग्य नाही. अनेकांनी एकत्र म्हणावयाच्या रचनेत कवीचे ‘मी’पण मागे सरणे, हा त्या प्रकाराचा धर्मच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रार्थनेतील दिलासा अन्यायाशी तडजोड करावयास शिकवितो, दलित ख्रिस्ती समाजाची वेदना तो झाकून टाकतो, अशी ही टीका आहे. धर्मांतरानंतरही जातीचे चटके सोसावे लागलेल्या समाजाच्या संदर्भात ती दुर्लक्षिता येणार नाही. परंतु वर पाहिलेली उदाहरणे दिलासा आणि कृती यांत आवश्यक विरोध मानीत नाहीत. रमाबाईंनी प्रार्थना आणि आश्रय ही कार्ये एकत्र चालविली. लक्ष्मीबाईंनी श्रद्धेपूर्वी सोवळे सोडले. ज्या प्रार्थनेत ‘आम्ही’ भाकर मागतो, तिच्यात शेजाऱ्याच्या उपाशी राहण्याचा प्रश्न येतोच. तो प्रश्न वगळून उरलेला दिलासा हा त्या प्रार्थनेचा संकोच होय.

९. पुन्हा परिसराकडे

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्याच्या संदर्भात मांडलेल्या प्रश्नाकडे आता वळता येईल. या परिसराच्या एका टोकाला कल्याण आहे, जेथे टिळकांचे बालपण गेले. ज्या कराचीत लक्ष्मीबाईंनी पडत्या काळात आसरा शोधला, त्या कराचीसह साऱ्या सिंधमधून दोन दशकांनंतर माणसे बेघर होऊन याच कल्याणच्या छावणीत आली. हे केवळ योगायोग आहेत. परंतु स्थलांतरित माणसाला घराबाहेर पडल्यावर घराची भाषा कोठे सापडते, हा या दोन्ही प्रवासांतील प्रश्न मात्र एकच आहे.

भाषा बदलताना व्यवहाराची भाषा प्रथम बदलते, शिक्षणाची त्यानंतर आणि प्रार्थनेची सर्वांत शेवटी. आजी मराठीत प्रार्थना म्हणते, आई ती मराठीत म्हणून इंग्रजीत समजावते आणि नातू इंग्रजीतच म्हणतो, हा क्रम अनेकभाषी शहरांत सहज संभवतो. ईश्वराला सर्व भाषा सारख्याच; त्यामुळे या बदलाने श्रद्धा उणी होते असे मानण्याचे कारण नाही. पण मराठीने कमावलेली काही विशिष्ट नाती त्या क्रमात हरवतात. पित्याला आईसारखे ‘तू’ म्हणणे इंग्रजीत शक्य नाही, कारण तेथे आज सर्वांसाठी एकच सर्वनाम आहे. ‘भाकर’ हा शब्द गेला की दुष्काळाची स्मृती जाते. टिळकांचा अभंग गेला की तुकारामाशी असलेले नाते जाते. स्टीफन्स यांचा ग्रंथ कानडा किनाऱ्यावरील घरांनी वाचविला. त्या तोडीचे काम आज कल्याणपलीकडील घरांना करावे लागणार आहे.

यासंबंधी मराठी विभागांवरही काही जबाबदारी येते. वसईहून निघणारे ‘सुवार्ता’, १९०३ पासूनचे ‘निरोप्या’ आणि ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकांतील प्रार्थनापर लेखन हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. २०२० साली उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना मिळाल्याने ख्रिस्ती मराठी साहित्याकडे वाचकांचे लक्ष पुन्हा वेधले गेले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना घराघरांतून ठेवलेल्या गीतांच्या वह्या, जपमाळेच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या बोलीतील प्रार्थना आणि वृद्धांच्या मुखी असलेल्या पाठांतरातील शब्दभेद संकलित करता येतील. कोणत्या घरात ‘बापा’ म्हणतात आणि कोणत्या घरात ‘पित्या’, एवढ्या एका शब्दावरूनही त्या कुटुंबाचे मूळ गाव, पंथ आणि पिढी यांचा माग लागू शकतो.

साध्या श्रद्धेचा आशय थोडक्या शब्दांत सांगता येतो. तिचा दिलासा मात्र त्या शब्दांच्या रोजच्या उच्चारात असतो. मराठीत तो उच्चार घडण्यास तीन शतकांहून अधिक काळ लागला. त्यासाठी एका इंग्रज जेझुइटाची ओवी, एका कवीचा अभंग, एका पंडितेचे सोपे बायबल आणि शाळेत न गेलेल्या एका स्त्रीचे गद्य खर्ची पडले. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना किंवा शिकविताना हा वारसा ध्यानात ठेवला, तर त्या ग्रंथातील हसू आणि त्यामागील आधार यांचा एकत्र प्रत्यय येईल.